क्लास ते घरप्रार्थना : वाशिमच्या ख्रिस्ती मंडळीची वाटचाल

वाशिम म्हटलं की जाणत्यांना वाकाटकांचं वत्सगुल्म आठवतं, भाविकांना बालाजीचं देऊळ. जिल्ह्याचं नाव निघालं की नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असलेलं कारंजा आणि बंजारा समाजाची काशी मानलेली पोहरादेवी पुढे येतात. याच जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळीही सव्वाशे वर्षांच्या आसपास नांदते आहे, हे मात्र शेजारच्या गल्लीतल्यालाही ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतं ते मिशनचं हॉस्पिटल.

मी या मंडळीतली तिसरी पिढी. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. शाळेत मुलांना इतिहास शिकवताना राजे, तह, लढाया शिकवल्या. आपल्या मंडळीचा इतिहास कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो घराघरांत होता, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात होता. ती माणसं गेली. म्हणून मी आता लिहिते आहे, आणि लिहिताना एकच गोष्ट धरून लिहिणार आहे. या जिल्ह्यात येशूचा शिष्य घडला तो मोठ्या सभांत नव्हे, दहाबारा माणसांच्या बैठकीत घडला. मिशनं बदलली, पाळक बदलले, राज्यं बदलली. ती बैठक टिकली म्हणून मंडळी टिकली.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. तेव्हा इंग्रजी दप्तरात या गावाचं नाव बासिम होतं आणि वाशिम, मंगरूळ, पुसद या तीन तालुक्यांचा एक जिल्हा होता. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं होतं. आगगाडी अकोल्यावरून नागपूरला गेली, वाशिम बाजूला राहिलं. कापूस, ज्वारी, तूर आणि आभाळाकडे डोळे, असा सगळा संसार. आधी 1896-97 चा दुष्काळ आला. त्यातून माणसं सावरतात न सावरतात तोच 1899-1900 चा आला. संवत 1956 वरून त्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत. 1901 च्या शिरगणतीत बासिम जिल्ह्याची लोकसंख्या 3,53,410 भरली. दहा वर्षांत 11 टक्के माणसं घटली होती. जन्माने लोकसंख्या वाढायला हवी, ती इथे घटली. त्यावरून गावंच्या गावं कशी ओस पडली असतील ते समजावं.

माझी आजी त्या 11 टक्क्यांत जायची, ती वाचली. चारपाच वर्षांची असावी. कोणत्या गावची, कोणत्या आईबापांची, काही सांगता येत नव्हतं. रस्त्याच्या कडेला सापडलेल्या पोरांत तीही मिशनच्या आश्रमात आली. त्या काळात सगळीकडेच मिशनांनी अशी पोरं उचलली. पंडिता रमाबाई 1896-97 मध्ये स्वतः मध्य प्रांतात फिरून दुष्काळातल्या मुलींना केडगावला घेऊन गेल्या. तिथलं त्यांचं मुक्तिसदन वाढलं ते त्या मुलींनी. आमच्याकडे एवढं मोठं काही नव्हतं. पण आजीला अन्न मिळालं, नाव मिळालं आणि अक्षरं मिळाली. ही पोरं पोटासाठी ख्रिस्ती झाली असं कोणी म्हणालं की आजी चिडत नसे. ती म्हणायची, "पोटासाठीच आली वं मी. पण पोट भरल्यावर रायली, ते कायसाठी?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिच्या तोंडून ऐकलेल्या क्लासमध्ये सापडतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाशिमला ठाणं होतं ते अमेरिकन मेथडिस्टांचं, आणि मेथडिस्टांची खरी ताकद त्यांच्या क्लासमध्ये होती. या पद्धतीचा उगम इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात आहे. जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी तिथे सभागृह बांधलं आणि त्याचं कर्ज झालं. 1742 मध्ये ते फेडायला तोड निघाली ती अशी: दर सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचा एक गट करावा आणि गटप्रमुखाने घरोघरी जाऊन ती पेनी गोळा करावी. पेनी आणायला गेलेल्या माणसाला कोण आजारी आहे, कोण दारूकडे वळलं, कुठल्या घरात नवराबायकोचं पटत नाही, हे सगळं दिसू लागलं. वेस्लींनी हे ओळखलं. कर्जफेडीची ही व्यवस्था आत्म्यांची विचारपूस करण्याची व्यवस्था झाली. आठवड्यातून एकदा गटाने जमायचं आणि प्रत्येकाने आपल्या आठवड्याचा हिशेब मोकळेपणाने सांगायचा. हाच क्लास.

हिंदुस्थानच्या पश्चिम भागात ही रीत विल्यम टेलर यांनी रुजवली. 1871 च्या नोव्हेंबरात ते मुंबईत आले, सभा घेतल्या, आणि ऐकून बदललेल्या माणसांना त्यांनी देवळात बसवून ठेवलं नाही. घराघरांत त्यांच्या छोट्या टोळ्या केल्या. 1872 मध्ये मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली ती या घरांतून. पुढे मिशन वऱ्हाडात आलं तेव्हा क्लासही बरोबर आला.

आजीचा क्लास आश्रमातल्या मोठ्या मुलींचा. दर आठवड्याला चटईवर गोल करून बसायचं. एक वडील बाई प्रमुख. आजीने मला ते प्रश्न तिच्या भाषेत सांगितले होते: "या आठवड्यात देवासंगं कसं चाललं? आन् माणसायसंगं कसं चाललं?" दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा असे. कोणी खोटं बोललं असेल, कोणी भाकरी चोरली असेल, तर ते तिथे सांगायचं. बाकीच्या मुली त्यावर हसायच्या नाहीत आणि बाहेर जाऊन बोलायच्या नाहीत, एवढा नियम. ज्या पोरीला आईबाप नाहीत, गाव नाही, तिची दर आठवड्याला नाव घेऊन कोणीतरी विचारपूस करत होतं. आजी राहिली ती यासाठी, असं मी मानते.

लग्न झाल्यावर आजी बायबलबाई म्हणून काम करू लागली. खेड्यांत बायकांमध्ये बसून गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, बाळंतिणीला काय द्यावं तेही सांगायचं. थंडीत मिशनचे तंबूचे दौरे निघत. सुगीच्या आसपासचे ते महिने, रस्ते कोरडे, रात्री माणसं मोकळी. शेकोटीभोवती पेटी आणि ढोलकी घेऊन भजनं होत. इंग्रजी चालीवर बसवलेली जुनी गीतं खेड्यातल्या बायकांच्या गळी उतरत नव्हती. तिथे कामाला आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि ओवीच्या वळणाची गीतं लिहिली, कीर्तन ख्रिस्ती केलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत धर्मज्ञान पोचलं ते या गाण्यांवरून.

टिळकांचं आणखी एक काम मला आमच्या विषयाच्या फार जवळचं वाटतं. 1917 मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर, त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूला गुरू मानणाऱ्या, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही माणसांचा तो बंधुसंघ होता. मिशनच्या पगाराबाहेर, मिशनच्या कुंपणाबाहेर, आपल्या मातीतला शिष्यसमाज उभा करावा हा त्यांचा ध्यास. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार वाढला नाही. पण त्यांनी मांडलेला प्रश्न खरा होता. परक्या पैशावर मंडळी चालवता येईल, शिष्य घडवता येईल का? वऱ्हाडातल्या प्रत्येक मंडळीला पुढे याच प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं.

आमच्यावर ती वेळ लवकर आली. त्या काळी मिशनांनी आपसात ठरवून प्रदेश वाटून घेतले होते. अकोल्याकडे अलायन्स मिशन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, बुलढाण्यात नाझरीन. 1930 च्या दशकात मेथडिस्टांनी वाशिमचं काम आवरलं आणि ते नाझरीन मंडळीकडे आलं. वरच्या पातळीवर हा मालमत्तेचा आणि कारभाराचा व्यवहार. खाली मात्र माणसांच्या मनात गोंधळ उडाला असणार. काल एका नावाची मंडळी, आज दुसऱ्या नावाची. आजीला मी विचारलं होतं, तुम्हाला काय वाटलं? ती म्हणाली, "पाटी बदलली. आमी बुधवारी जमत होतो, बुधवारीच जमलो." क्लास हे नाव मागे पडलं. लोक घरप्रार्थना म्हणू लागले. बैठक तीच राहिली.

नाझरीन काळात मोठी भर पडली ती दवाखान्याची. डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 मध्ये भारतात आल्या आणि 1938 मध्ये वाशिमला रेनल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. हायरम रेनल्ड्स हे नाझरीन मंडळीचे ज्येष्ठ पुढारी, त्यांच्या नावाने. स्पायकरबाईंनी जवळपास चार दशकं इथे काढली. पुढे परिचारिकांची शाळा निघाली आणि खेड्यापाड्यांतल्या मुली पांढऱ्या गणवेशात दिसू लागल्या. ज्या काळात बायका पुरुष डॉक्टरला हात दाखवायला तयार नसत, त्या काळात एक बाई शस्त्रक्रिया करते आहे, ही गोष्टच मोठी होती.

माझी आई तिथे कामाला होती. मी लहानपणी तिच्यासाठी डबा घेऊन जायची. आवारात रुग्णांच्या नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली पेटलेल्या असत, ज्वारीच्या भाकरीचा वास आणि फिनेलचा वास एकत्र येई. आई सांगायची, "प्रार्थनेत सगळेच गोड बोलतात. रात्रीच्या पाळीत, परक्या माणसाची घाण काढताना तोंड वाकडं न करणं, ते शिष्यपण." बुधवारच्या घरप्रार्थनेत ती बऱ्याचदा याच गोष्टी सांगायची. कुठल्या बाईचं मूल गेलं, ती आता घरी कशी जाणार. मग एखादी बाई म्हणायची, मी सोबत जाते. प्रार्थना झाली की कामाची वाटणी व्हायची. विश्वास आणि समाज हे दोन वेगळे विषय आहेत असं मला त्या घरात कधी वाटलंच नाही.

एक बुधवार मला लख्ख आठवतो. मी शाळकरी होते, आजी म्हातारी झाली होती, बैठक आमच्या घरी होती. दोन शेजारणी भिंतीच्या दोन टोकांना बसल्या होत्या. एकीने दुसरीकडून पायलीभर ज्वारी उसनी नेली होती, ती परत गेली नव्हती, आणि बोलणं बंद झालं होतं. सगळ्यांना माहीत होतं, कोणी काढत नव्हतं. गीत झालं. आजीने पुस्तक मिटलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "आधी हे मिटवा, मंग प्रार्थना." कोणी हललं नाही. आजीही हलली नाही. बराच वेळ गेला. शेवटी उसनी घेणारी रडली, म्हणाली, घरात नाहीच तर देऊ काय? दुसरीला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, मुद्दाम देत नाही. ठरलं असं की सुगी झाली की अर्धी द्यायची आणि अर्धी सोडून द्यायची. मग प्रार्थना झाली. वेदीशी अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन मी पुढे किती प्रवचनांत ऐकलं. मला ते समजलं त्या बुधवारी.

या वाटचालीत एक काटा होता आणि आहे, तो म्हणजे जात. वऱ्हाडातल्या मंडळीत आलेली बहुतेक घरं गावकुसाबाहेरची होती. प्रभुभोजनाला एका ताटातली भाकर आणि एका पेल्यातला द्राक्षरस घेणं ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. बाहेर विहिरीवर मज्जाव आणि आत एकच पेला, हा फरक ज्याने सोसला त्यालाच कळतो. पण मंडळीच्या आतही सोयरिकी जुळवताना जुनी नावं हळूच विचारली जात, हेही खरं आहे आणि ते लपवू नये. आजीला स्वतःची जात माहीतच नव्हती. लग्नाच्या वेळी काही घरांनी त्यावरून नकार दिला. ज्या घराने होकार दिला त्या घरातली मी.

कायद्याने आणखी एक ओझं दिलं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. त्यातच 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि विदर्भातलं गावन् गाव हललं. आमच्या नात्यागोत्यातली माणसं त्या वाटेने गेली. त्यांचा मान राखूनच मी सांगते, तो आत्मसन्मानाचा मार्ग होता, आणि शेजारी म्हणून आम्ही एकमेकांच्या सुखदुःखात राहिलो. जे मंडळीत राहिले त्यांनी किंमत मोजून राहणं पसंत केलं. शिष्यत्वाला किंमत असते, असं आपण गीतांत म्हणतो. इथे ती शाळेच्या अर्जावर, नोकरीच्या रांगेत मोजली गेली. अशा वेळी माणसाला धरून ठेवतं कोण? पाळक महिन्यातून एकदा येणारा. धरून ठेवलं ते बुधवारच्या बैठकीने. कोणाच्या मुलाची फी, कोणाच्या मुलीचं बाळंतपण, सगळं तिथेच निघायचं आणि तिथेच भागायचं.

परदेशी मिशनरी हळूहळू गेले, कारभार मराठी पाळकांच्या हाती आला. टिळकांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची पाळी तेव्हा खऱ्या अर्थाने आली, आणि आमच्या लोकांनी ते प्रथमफळाच्या सणात दिलं. सुगीनंतर एक रविवार ठरतो. शेतकरी ज्वारीची कणसं, तुरीची पोती, मूग, कापूस आणतात. हल्ली सोयाबीन असतो. भूमिहीन बाई कोंबडी आणते, नाहीतर चार अंडी. उपासना झाली की आवारातच लिलाव होतो. एक अंडं बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातं, घेणारा पैसे भरतो आणि ते अंडं पुन्हा वेदीपाशी ठेवतो, मग त्याचा दुसऱ्यांदा लिलाव होतो. परदेशातून येणारी रक्कम आटली तेव्हा खेड्यातल्या मंडळ्या यावर तगल्या. ज्या बाईने अंडी आणली तिला त्या दिवशी कळतं की मंडळी तिचीही आहे.

1998 मध्ये अकोल्यातून निघून वाशिम पुन्हा जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160 होती. त्यात आम्ही फार थोडे. पोरं शिकली, पुणे, नागपूर, मुंबईला गेली. परिचारिका झालेल्या मुली तर आखाती देशांपर्यंत पोचल्या. याचा मला अभिमान आहे. पण गावात राहिलेली म्हातारी माणसं मोबाईलवर मोठमोठ्या शहरांतली प्रवचनं ऐकतात आणि म्हणतात, उपासना झाली. प्रवचन चांगलंच असतं. मात्र पडद्यावरचा वक्ता तुम्हाला विचारणार नाही, शेजारणीशी का बोलत नाहीस? तुम्ही एक आठवडा दिसला नाहीत तर तो तुमच्या दारात येणार नाही. येशूने स्वतः हजारोंना शिकवलं, पण सोबत जेवायला, चालायला, चुका करायला बारा जणच ठेवले. वेस्लींनी ते धरलं, टेलरांनी मुंबईत आणलं, आणि एका नाव-गाव नसलेल्या पोरीला वाशिमच्या चटईवर त्यातून घर मिळालं.

मंडळीच्या पुढाऱ्यांना माझी विनंती आहे. देवळाला फरशी बसवा, ध्वनिक्षेपक घ्या, शताब्दीचे सोहळे करा. पण आधी आपल्या गावात घरप्रार्थना किती घरांत होते ते मोजा. पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलामुलींनाही सांगते: तुमच्या सोसायटीत आठदहा माणसं जमवा, एक वार ठरवा. पेटी नसली तर नसू दे. गीत म्हणा, वचन वाचा आणि मग एकमेकांना ते दोन प्रश्न विचारा. देवाशी कसं चाललं आहे? आणि माणसांशी? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं येईपर्यंत उठू नका.